व्हेस्नाबाईंच्या बिअरचा एक घोट

गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवर पुण्याची गाडी लागली, आणि आईने सगळ्यांदेखत माझा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "काही झालं तरी ओठाला लावायचं नाही. घे शपथ." शेजारचे काका, दोन मित्र, कंडक्टर, सगळे बघत होते. मी लाजून "हो गं, घेतली" म्हटलं आणि गाडीत चढलो. ती उगाच बोलत नव्हती. तिचा धाकटा भाऊ, आमचा विलासमामा, दारूनेच गेला होता. त्याला दवाखान्यातून शेवटचं घरी आणलं तेव्हा मी सोबत होतो.

आणि हा शहाणा आला कुठे, तर म्युनिकजवळ गार्चिंगला! तिकडे राहिलेल्यांनो, हसा. इकडे आलेल्यांनो, तुम्ही तर जास्तच हसाल. आमची फर्म स्टीलच्या टाक्या बनवते, दुधाच्या आणि बिअरच्या. मी आईला काहीच लपवलं नाही. "टाकीला काय, दूध भरा नाहीतर बिअर, स्टील तेच," असं सांगितलं, तर म्हणाली, "टाकीचं मला सांगू नकोस, तुझं सांग." तेव्हापासून दर रविवारी फोन ठेवताना तिचं ठरलेलं वाक्य असायचं: "जेव वेळेवर. आणि ओठाला लावू नकोस." मी पार्ट्यांमध्ये आपफेलशोर्ले, म्हणजे सोडा घातलेला सफरचंदाचा रस प्यायचो. जर्मन लोकांनी कधी "का रे?" सुद्धा विचारलं नाही. पुढे लग्न झालं, इरा झाली, आईचं वाक्य मात्र तेच राहिलं. मला त्याचा कंटाळा यायचा, हेही खरं.

मग गेल्या हिवाळ्यात ऑर्डरी आटल्या. इथलेच लोक बिअर कमी प्यायला लागलेत, तर टाक्या कोण घेणार? फर्ममध्ये कुर्त्सआर्बाइट सुरू झालं, म्हणजे काम कमी आणि पगारही कमी. माझं राहणं नोकरीला बांधलेलं. नोकरी गेली की दुसरी शोधायला थोडे महिने मिळतात, नाही मिळाली तर बाडबिस्तरा आवरा. इरा पहिलीत, मराठी समजते पण उत्तर जर्मनमध्ये. तिला गडहिंग्लजच्या शाळेत कशी घालू? छातीत सतत धडधड. आई तेव्हा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आलेली. भाकरी थापता थापता विचारायची, "काम टिकेल ना रे?" मी म्हणायचो, "गेनाऊ, टिकेल की." 'गेनाऊ' म्हणजे 'अगदी', तो जर्मन शब्द तिला कळायचा नाही, पण माझं तोंड कळायचं.

आशा एकाच ऑर्डरीची होती, सर्बियाची. ती आणली होती मिलोशने. हा माझा सहकारी, तिकडचाच, आणि बिअरचा विषय निघाला की थांबायचं नाव नाही. सांगायचा, आमच्याकडे राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, पाहुण्यांसाठी, बिअर घरच्यांसाठी. जाळीवर मांस भाजत ठेवायचं आणि शेजारी बिअरचा क्रेट. पैज लागते क्रेटची, कुणी घराचं काम करून दिलं तर आभारही क्रेटनेच. पूर्वी गावागावाची आपली बिअर होती आणि शेजारच्या गावाची म्हणजे गटारपाणी. मग मोठे कारखाने परदेशी कंपन्यांनी घेतले, दुकानात दोन लिटरच्या प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. आता कुठे काही लोक पुन्हा छोट्या भट्ट्या काढताहेत. त्यातल्याच एक व्हेस्नाबाई. नवरा गेल्यावर त्याची भट्टी त्या चालवतात, आणि त्यांना नव्या टाक्या हव्या होत्या.

बाई टाकी बघायला गार्चिंगला आल्या. संध्याकाळी जेवायला आमच्याकडे बोलावलं. मिलोशने आधीच दम भरला होता, "त्या स्वतःची बाटली आणतील. डोळ्यांत बघून त्यांच्यासोबत प्यायची. पाण्याने चिअर्स केलंस तर अपशकुन. नाही म्हणालास तर ऑर्डर गेली समज." हे मी घरी बायकोला सांगितलं, ते आईच्या आणि इराच्याही कानावर गेलं.

व्हेस्नाबाई दारात आल्या तशी आईने त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. बाई थबकल्याच. त्यांचं बालपण स्टुटगार्टला गेलेलं, जर्मन अस्खलित. म्हणाल्या, "माझी आजी पाहुण्याला असंच चमचाभर मुरांबा आणि पाणी द्यायची!" दोघी एकमेकींचे हात धरून हसल्या. मला वाटलं, सुटलो.

कसलं काय! तांबडा रस्सा वाढायच्या आत बाईंनी पिशवीतून तपकिरी बाटली काढली, ग्लास भरले, एक माझ्या हातात दिला. "झिवेली!" म्हणजे त्यांचं चिअर्स. मिलोश माझ्याकडे डोळे वटारून बघतोय. मी आईकडे बघितलं. तिने ग्लास बघितला, मग माझं तोंड.

"घे," ती हळूच म्हणाली. "घोटभर घे. पोटापुढं काय चालतंय. मी बघत नाही." आणि ती स्वयंपाकघरात गेली. आत नळ सोडल्याचा आवाज आला.

मी प्यायलो. कडू लागलं, एवढंच आठवतं. कान नळाकडे होते.

आणि तेवढ्यात आमची इरा, कुणी विचारलेलं नसताना, जर्मनमध्ये म्हणाली, "ओमा, म्हणजे आजी, म्हणते पपाने प्यायलाच पाहिजे, नाहीतर नोकरी जाईल. पण पपा कधीच पीत नाही."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. बाईंनी ग्लास खाली ठेवला. "अहो, मग सांगायचं ना! माझा नवराच पीत नव्हता. वासावर सगळी भट्टी चालवायचा. त्याच्यासोबत मी आयुष्यभर पाण्यानेच झिवेली केलं." मग मिलोशला सर्बियनमध्ये असं काही सुनावलं की त्याचे कान लाल झाले. त्यांनी माझा ग्लास बाजूला सारला आणि आईचा तांब्या माझ्या हातात दिला. आत नळ अजून चालूच होता.

ऑर्डर मिळाली. दोन छोट्या टाक्या. कुर्त्सआर्बाइट अजून चालू आहे, पुढचं काय, ते पुढच्या महिन्यात कळेल. धडधड तशीच आहे.

आई परत गेली. त्या घोटाची गरजच नव्हती, हे तिला मी सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू? तिने आपल्या भावाचं मरण बाजूला ठेवून मला मोकळं केलं होतं.

आता रविवारी फोन ठेवताना ती फक्त "जेव वेळेवर" म्हणते. परवा मीच विचारलं, "आई, अजून काही सांगायचं राहिलं का?" मागे कुकरची शिट्टी झाली. "नाही रे. तुला कळतंय की आता सगळं."

जर्मनीत मला काय प्यायचं, काय नाही, हे कुणीच सांगत नाही. सांगणारं एक घर होतं. फोन बंद झाल्यावरही मी मोबाईल कानाशी तसाच धरून बसतो, उरलेलं अर्धं वाक्य येईल म्हणून.