राखेखालची पाटी

परळीत औष्णिक केंद्राची राख सगळ्यांच्याच दारावर बसते. माझ्या चष्म्याच्या दुकानासमोर एका सनदी लेखापालांचं ऑफिस आहे. रोज सकाळी कुलूप काढायच्या आधी ते ओल्या फडक्याने स्वतःच्या नावाची पाटी पुसायचे. नावापुढची पदवीची अक्षरं तर नखाने कोरून साफ करायचे.

त्यांच्या पेशात दरवर्षी ठरावीक तास नवे नियम शिकायला वर्गात बसावं लागतं. हे जायचे नाहीत. "सारा बाजार माझ्याकडं शिकायला येतोय, मी कुठं जाऊ?" म्हणायचे. आधी त्यांच्या पेशाच्या संस्थेच्या नोटिसा आल्या. मग संस्थेने काही महिन्यांसाठी त्यांचा सही करायचा अधिकारच काढून घेतला.

तरी ते रोज येतात. दार लोटून घेतात, मोबाईलवर वर्ग लावतात आणि मास्तर समोर उभे असल्यासारखे ताठ बसून ऐकतात. पाटीला मात्र हात लावत नाहीत.

परवा न राहवून मीच फडकं घेऊन त्यांची पायरी चढलो. त्यांनी बाहेर येऊन माझं मनगट धरलं.

"राहू द्या. पुसली की लोक वाचत्यात, कागद घेऊन आत येत्यात. सगळी ओळखीची माणसं हायेत. मला न्हाई म्हणवत न्हाई."

मी परत फिरलो. आता त्या पाटीवरचं एक अक्षर लागत नाही. नाव मला पाठ आहे, पण त्यांना सही परत मिळेपर्यंत मीही ते कुठे लिहिणार नाही.