युरियाच्या पोत्यावर काकू

अचलपूरला आमच्या गल्लीत भाजी विकणाऱ्या काकू रागावल्या की ओरडत नाहीत, बसून घेतात. यंदा त्यांनी नाल्याकाठी धान लावलं. त्या तुकड्यात आधी जमिनीला पोसणारी बरबटी, म्हणजे चवळी, होती, मग खतासाठी मेंढ्याही बसवल्या होत्या. मी शेतावर गेलो तेव्हा काका युरिया फेकायला निघाले होते आणि काकू पोत्यावरच बसल्या होत्या.

"ऊठ ना वं!"

"जमीन जेवून बसली हाय. तिले अजून काहून वाढून रायले तुमी?"

काका कंटाळून घरी गेले. पुढे वारा सुटला आणि शेजाऱ्याचं युरियावर माजलेलं धान आडवं झालं. यांचं उभं राहिलं.

आता काका चौकात सांगतात, "म्या युरिया टाकलाच नाही!"

"मंग! यायचंच डोकं ते," काकू काकांकडे बोट करून अगदी गंभीरपणे म्हणतात.