अंगात आलं नव्हतं

देवीवर माझा विश्वास होता, तरी त्या आठवड्यात मी तिच्यावर चांगलीच चिडले होते. आधी साधी ताप-सर्दी झाली. घरात सगळेच शिंकत होते. ते बरे झाले. मी मात्र एका सकाळी उठले आणि अख्खं घर माझ्याभोवती गरगरायला लागलं. उलट्या थांबेनात, भिंत धरल्याशिवाय चालता येईना. वीस वर्षांची धडधाकट मुलगी मी, मळवलीहून रोज लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात कामाला जाणारी. आई म्हणाली पित्त, शेजारीण म्हणाली नजर. तीन दिवस लिंबूपाणी आणि मीठमोहऱ्या, दोन्ही झालं.

चौथ्या दिवशी मंगळवार होता. आईनं मला धरून गावदेवीच्या देवळात नेलं. आरतीचा ढोल वाजू लागला आणि माझा तोल गेला. मी झुलत, घुमत खालीच बसले. ‘आई आली गं, आई आली!’ कुणीतरी ओरडलं. माझ्या कपाळाला मळवट भरला, बायका पाया पडू लागल्या. आई तर हात जोडून रडत होती. आता दवाखाना कशाला, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

खरं सांगते, मला ते आवडलं. चार दिवस घराला ओझं झालेली मी एकदम देवी झाले होते. कुणी विचारलं असतं, तर मी हो म्हटलं असतं.

तेवढ्यात एक म्हातारी पुढे आली. सुदुंबऱ्याहून लेकीकडे आलेली पाहुणी. तिनं माझी हनुवटी धरून डोळ्यांत पाहिलं.

‘न्हाई. ही देवी न्हाई,’ ती म्हणाली. ‘माझ्या अंगात इतकी वरसं येतीया, मला कळतं. पोरीचं डोळं बघा, एका अंगाला पळत्यात. दुखणं हाय हे. आत्ताच्या आत्ता लोणावळ्याला न्या.’

‘मावशी, आरती तरी होऊ द्या,’ आई म्हणाली.

‘आरतीचं देवी बघंल. तू लेक सांभाळ.’

लोणावळ्याच्या दवाखान्यात कानाच्या डॉक्टरांनीही आधी डोळेच पाहिले. विषाणूमुळे कानाच्या आतली, तोल सांभाळणारी नस सुजली होती. तापानंतर तरुणांनाही असं होतं, म्हणाले. औषधं दिली, मान आणि नजर फिरवायचे व्यायाम शिकवले. दीडेक महिन्यानं मी दुकानात उभी राहू लागले.

सगळ्यांसमोर मळवट पुसून घेताना मला लाज वाटली होती, त्या म्हातारीचा रागही आला होता. आज वाटतं, देवी बोलली ती तेव्हाच, त्या म्हातारीच्या तोंडून. शरण जाणं म्हणजे तिला आपल्यात बोलावणं, असं मी समजत होते. मला तर फक्त आजारी आहे एवढं कबूल करायचं होतं. आता देवळात गेले की मागणं एकच असतं: आई, मी तुझी लेक आहे, तेवढीच राहू दे.