दुपारची बाटली

मी आणि शकू वाटाणे सोलत बसलो होतो. नवराबायकोनं मिळून केलेलं ते शेवटचं काम. ती मांजरी गावच्या शाळेत आया. मी हडपसरला लॅबमध्ये अटेंडंट. बाटल्या गोळा करायच्या, लेबल लावायचं. शिक्षण चौथी.

"अहो, तिसरीतल्या सईला लघवीतनं रक्त जातंय. बाई म्हणतात, लवकर वयात आली. वेगळं बसवलंय पोरीला. संडास मी धुते, मला कळत नाही होय? आफ्रिकेत कालव्यात पोहायची म्हणे. तुमच्या मॅडमना विचारा."

"बघू."

"तुमचं बघू म्हणजे दिवाळीनंतर!"

सकाळी शकू उठलीच नाही. झोपेतच गेली.

तिच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकल्यावर मी सईच्या आईला गाठून दोघींना लॅबमध्ये आणलं. सकाळची पहिली लघवी तपासली. रक्त होतं, जंतू नव्हते. मॅडम रिपोर्टवर सही करणार, तेवढ्यात सईनं मला विचारलं, "काका, शकूमावशी कधी येणार? माझी कालव्याची गोष्ट सांगायची अर्धी राहिलीय."

डोकं ठिकाणावर नव्हतं माझं. कालव्याचं सांगायचंच राहिलं होतं. सांगितलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आफ्रिकेत कुठे होतात?"

"हे तिकडच्या साखर कारखान्यात फिटर होते," सईची आई म्हणाली. "पोरं उसाच्या कालव्यातच असायची."

"तिकडच्या पाण्यातला किडा कातडीतून आत शिरतो. अंडी मूत्राशयात घालतो. ती लघवीतून दुपारी जास्त पडतात. सकाळची बाटली काय कामाची? बारा वाजता घ्या. आधी तिला जिने चढवा, म्हणजे अंडी सुटतील."

तीन मजले, दोनदा. मीही चढलो.

"काका, तुम्ही दमलात."

"तू तुझं बघ."

दुपारच्या बाटलीत सापडलं. मॅडमनी मलाही दाखवलं. लांबट अंडं, टोकाला काटा. डॉक्टरांनी वजन करून गोळ्या दिल्या. बरी होईल म्हणाले, आणि हे शेजारी बसून कुणाला होत नाही.

चाळीस वर्षं बाटल्या उचलून एवढं शिकलो. आधी संडास धुणाऱ्या बाईला विचारावं, मशीन नंतर लावावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सई आणि तिच्या आईबरोबर शाळेत गेलो. बाईंनी रिपोर्ट वाचला. परत वाचला.

"बरं. जागेचं बघू आपण."

"बघू नाही, बाई. आत्ता."

मी कोपऱ्यातलं सईचं दप्तर उचललं आणि तिच्या मैत्रिणीशेजारी नेऊन ठेवलं.