बांधावरची बिझनागा

निकानोर म्हातारा म्हणजे पोतोसीच्या आमच्या माळावरचा शेवटचा मिठाईवाला. बिझनागा निवडुंग तोडायचा, काटे तासायचे, गर चुन्याच्या पाण्यात भिजवून पाकात मुरवायचा, हेच त्याने जन्मभर केलं. नाताळानंतरच्या तीन राजांच्या सणाला गोड पावावर त्याच्याच मिठाईच्या फोडी लागायच्या. बिझनागा वर्षाला नखभर वाढते आणि निकानोर दिवसाला दोन तोडायचा. सरकारने तोडीवर बंदी आणली तेव्हा गावात बंदी घालण्याजोगी एकच उरली होती.

ती त्याच्या बांधावर होती. पिंपासारखी जाड, माणसाहून उंच. मूळ निकानोरच्या रानात. पण बिझनागा उन्हाच्या ओढीने दक्षिणेला कलते, आणि दक्षिणेला ओदिलोनचं रान. ओदिलोन निकानोरच्या मुलीचा बाप्तिस्म्यातला धर्मपिता, जिवाभावाचा माणूस; त्या नात्याने दोघे एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणायचे. झाडाचं डोकं बांधापलीकडे गेलं आणि दोघांचं बिनसलं.

"मूळ माझं आहे!" निकानोर म्हणायचा.

"आणि धड माझ्या हद्दीत! कोयता लावून तर बघ, कोंपाद्रे!"

एकतीस वर्षं दोघे आपापल्या बाजूला बाकडं टाकून पहारा देत बसले. एकमेकांवर. मागच्या वर्षी शहरातून साहेब आले आणि दोघांना निसर्गरक्षक म्हणून प्रशस्तिपत्रं देऊन गेले. आम्ही टाळ्या वाजवल्या. खरं सांगून कुणाचं भलं होणार होतं?

मार्चमध्ये ओदिलोन गेला. नऊ दिवसांच्या प्रार्थना आटोपल्या, तशी त्याची बायको एदुविहेस कोयता घेऊन बांधावर आली.

"घ्या भावजी. जाताना हे म्हणाले, तोडू दे त्याला. मी कुणाला सांगत नाही."

निकानोरने कोयता घेतला, धार बघितली. मग समोरच्या रिकाम्या बाकड्याकडे बघत राहिला.

"हरामखोर! जन्मभर नाही म्हणाला, आणि आता हो म्हणतो?"

त्याचे डोळे भरून आले. कोयता तिथेच टाकून तो घरी गेला. आठवडाभर तो बांधाकडे फिरकला नाही.

मग एका सकाळी तो पहार घेऊन आला आणि बांधाचे दगड दोन हात दक्षिणेला सरकवू लागला. भर उजेडात, मुद्दाम खणखणाट करत. एदुविहेस धावत आली.

"विधवेची जमीन लाटतोस, मेल्या? आता त्या झाडाला बोट लावून दाखव, हातच कलम करते तुझा!"

"मूळही माझं आणि धडही माझं!"

ती ओदिलोनच्या बाकड्यावर ठाण मांडून बसली. निकानोर आपल्या बाकड्यावर बसला आणि घराकडे तोंड करून बायकोला ओरडला, "अगं, जेवायला आण! आणि समोरच्या बाकड्यासाठी चार तोर्तिया जास्त टाक!"