सरांच्या वाटणीचा जप

फोन आला तेव्हा मी पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. स्क्रीनवर योसेफ सरांचं नाव दिसलं आणि वाटलं, आज हे दांडी मारणार, आता ऐकवतेच यांना. पण बोलल्या त्या मार्थाताई, त्यांच्या मिसेस. "सुमनबाई, सर उठंनात," एवढंच म्हणाल्या. दुसरा बूट हातातच घेऊन मी त्यांच्या घरी पळाले. सर झोपेतच गेले होते. आदल्या दिवशी माझ्याशी इतकं बोलले आणि जाण्याची जरासुद्धा कल्पना दिली नाही, याचा मला अजून राग येतो.

घोडेगावजवळच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये मिस्सेला ते पुढच्या बाकावर असत, त्यामुळे त्यांची पाठ माझ्या चांगली ओळखीची होती. शाळेत पीटीचे मास्तर होते, रिटायर झाल्यावर पोलीस भरतीच्या पोरांना पळवायचे. मी अंगणवाडीच्या नोकरीतून सुटलेली, आमचे हे वारलेले, मुलगी लग्न होऊन जामखेडला. शुगर निघाली म्हणून डॉक्टरांनी चालायला लावलं. खरं सांगायचं तर शुगरपेक्षा घरातली शांतता जास्त खायला उठायची, म्हणून मी कालव्याच्या रस्त्याला लागायचे. एकदा सर सायकल माझ्या शेजारी आणून म्हणाले, चालता कशाला, पळा. मला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. दुसऱ्या दिवशी बघते तर स्वारी कालव्याच्या पुलावर हजर.

पोरांच्या हातात ते स्टॉपवॉच द्यायचे. मला मात्र घड्याळच घालू दिलं नाही. "देवानं प्रत्येकाला दम निराळा दिलाय, बाई. तुमच्या दमाला जपमाळ लागंल," म्हणाले. हिशेब साधा होता. पळता पळता 'नमो मरिये', जपमाळेच्या एकेका मण्याची प्रार्थना, नीट म्हणता आलं पाहिजे. शब्द तुटला की सावकाश व्हायचं. घरात जपमाळ म्हणतात तशी वाटणी... पहिला अर्धा मी, 'पवित्र मरिये'पासूनचा उरलेला ते सायकलवरून. दहा मणी झाले की जरा चालायचं. तेवढ्यात काय खाल्लं, मुलीचा फोन आला का, सगळी चौकशी. फोन आला नसेल त्या दिवशी निम्मी जपमाळ चालतच करायला लावायचे. देवाचं नाव असं धापा टाकत घेतलेलं चालतं का, असं मी एकदा विचारलं. तर म्हणे, चर्चमध्ये बसून घेता तेव्हा तुम्ही डुलक्या काढता, मी मागं वळून बघितलंय. घ्या!

माती झाल्यावर त्यांच्या घरी रोज संध्याकाळी जपमाळ होती. पहिल्याच दिवशी मार्थाताईंनी मला सुरुवात करायला सांगितली. मी केली, आणि थोड्या वेळाने ध्यानात आलं की सगळे माझ्याकडेच बघतायत. मी पळण्याच्या लयीत म्हणत होते. दोन शब्द, श्वास, दोन शब्द, श्वास... चटईवर मांडी घालून मी चक्क धापा टाकत होते. म्हाताऱ्या बायका मागे राहिल्या, कुणी उत्तर मध्येच उचललं, नुसता गोंधळ. मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्पच बसणार होते, तेवढ्यात कोपऱ्यातून मार्थाताईंचा आवाज आला, बरोबर माझ्याच लयीत. मग आम्ही दोघींनीच ती शेवटाला नेली, बाकीचे ओठ हलवत राहिले. नंतर त्या म्हणाल्या, "घरी बी असंच म्हणायचे ते. मी लई भांडले. मग मलाच सवय लागली."

मला वाटलं होतं, सरांचा अर्धा म्हणायला मार्थाताईंना पुलावर नेऊन बसवावं. पण गुडघ्यांमुळे त्यांना पायरी उतरवत नाही, आणि मागच्या आठवड्यात मुलगा त्यांना नगरला घेऊन गेला. घराला कुलूप आहे. मी त्या गल्लीने जात नाही.

मुलगी म्हणाली, आई, मोबाईलवर जपमाळ मिळते, उत्तरंसुद्धा येतात, ती लाव आणि पळ. लावली. त्यातला माणूस फार छान म्हणतो, पण तो माझ्यासाठी थांबत नाही. चढावर मी मागे पडले तरी त्याचं आपलं चालूच. बंद करून टाकली. आता दोन्ही अर्धे मीच म्हणते. तसं म्हणायला लागले तेव्हा कुठे मला कळलं की सर 'पवित्र मरिये' म्हणायचे, तेवढ्या वेळात मी श्वास घेत होते. आता ती जागाच राहिली नाही. माझं 'नमो मरिये' नीट होतं, लगेच त्यांचं सुरू करते, आणि पूल यायच्या आत ते निम्म्यावर तुटतं. शब्द तुटला की सावकाश व्हायचं. मी चालायला लागते.