पीळ त्याचा कान!

काकूंचं उजवं मनगट कधी स्वस्थ नसायचं. माझ्या गाडीत त्या डावीकडच्या सीटवर बसायच्या, मांडीवर पर्स, छातीवर पट्टा, अगदी साळसूद. सिग्नल लाल असेपर्यंत सगळं ठीक. इकडे विलायतेत हिरव्याआधी लालच्या जोडीला पिवळा लागतो; तो लागला की त्यांची मूठ हँडब्रेकपाशी अलगद वर यायची आणि हिरवा होताच काकू ती हवेतल्या हवेत पिळायच्या. "चल बाप्पा, सोड!"

"काकू, इथे वीसची लिमिट आहे."

"मग चालतच गेलो असतो ना!"

तुम्ही म्हणाल, ऐंशीच्या घरातली, दोन्ही गुडघे बदललेली, हाडांची निवृत्त डॉक्टर. हिला कसली एवढी घाई? मीही तेच म्हणत होते. पुण्याहून नोकरीसाठी लीड्सला आले तेव्हा या माझ्या शेजारीण. मूळच्या नागपूरच्या. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा एडिनबराला बँकेत. पहिल्याच आठवड्यात त्या कुंपणावरून म्हणाल्या, "शनिवारी मीटिंग आहे. सहाला तयार राहा. गरम कपडे घाल."

मीटिंग म्हटल्यावर माणूस काय समजेल, तुम्हीच सांगा. मला वाटलं मंडळाची, गणपतीची. मी सिल्कचा कुर्ता घातला, कानात मोती, हातात बेसनाच्या लाडवांचा डबा. गरम कपडे कशाला, तर हॉलचं हीटिंग बिघडलं असेल म्हणून वर एक पातळ शाल. काकूंनी मला आपादमस्तक न्याहाळलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "छान दिसतेस हो," एवढंच म्हणाल्या. 

गाव मागे पडलं, गोदामं मागे पडली आणि आम्ही एका जुनाट स्टेडियमपाशी उतरलो. आत लाल मातीचा लांबट गोल रस्ता, त्याभोवती कुंपण, आणि जळक्या इंधनाचा असा गोडसर उग्र वास की अजून आठवला तरी अंगावर काटा येतो. "ही मीटिंग?" मी विचारलं. "हीच," काकू म्हणाल्या, "स्पीडवेच्या मॅचला मीटिंगच म्हणतात." आणि चौथ्या वळणावरच्या त्यांच्या ठरलेल्या बाकावर गोधडीची घडी टाकून त्यांनी बैठक मारली.

मला काही कळायच्या आत समोर रस्त्यावर आडव्या ताणलेल्या पट्ट्या सटकन वर गेल्या आणि चार मोटारसायकली सुटल्या. अहो, काय तो आवाज! पोटातून जातो. वळण आलं तशा त्या आडव्या झाल्या, मागचं चाक पुढे जायला निघालं, आणि पोरं डावा पाय जमिनीवर घासत, हँडल उजवीकडे वळवून डावीकडे गेली. मी डोळ्यांवर हात ठेवला.

"काकू, ते ब्रेक का नाही लावत?"

"ब्रेक नाहीच ना बाप्पा त्याला!" काकू आनंदाने किंचाळल्या. "गियर एक, ब्रेक शून्य. काय करायचं ते मनगटानं!"

चार फेऱ्या. जेमतेम मिनिटभराचा खेळ. पण त्या मिनिटात काकूंचं जे झालं ते मी आधी कुठल्याही डॉक्टरचं होताना पाहिलं नव्हतं. त्या उभ्या राहिल्या, मूठ पिळत पुढे झुकल्या आणि सगळं स्टेडियम ऐकेल अशा आवाजात ओरडल्या, "पीळ! अरे पीळ त्याचा कान! पीळ, पोट्ट्या, पीळ!" चौथ्या वळणावर चाकांनी उडवलेली लाल माती फवाऱ्यासारखी आमच्यावर आली. कुर्ता गेला, मोती गेले, लाडवांवर थर बसला. काकूंनी एक लाडू उचलला, फुंकर मारली, खाल्ला. "तूप छान आहे," म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी मी जुनी जीन्स घालून सहाच्या आधीच दारात उभी होते.

आता ते संत्र्याचं सांगते. काकूंच्या शेजारच्या जागेवर आर्थर बसायचा. यॉर्कशरचा, काकूंच्याच वयाचा, आख्ख्या मीटिंगमध्ये चार शब्द बोलला तर खूप. काकू तिथे नव्याने यायला लागल्या तेव्हा त्याच्या हातात संत्रं होतं आणि शेजारची ही अनोळखी बाई जिवाच्या आकांताने त्याच्या कानाशी ओरडत होती, "पीळ! पीळ!" त्याला वाटलं, ही बाई संत्रं सोलायला सांगतेय. इंग्रजीत 'पील' म्हणजे सोल! बिचाऱ्याने घाईघाईने संत्रं सोललं, अर्धं तिच्या हातात ठेवलं. "देअर यू गो, लव्ह."

काकूंनी ते खाल्लं. नागपूरच्या बाईने परदेशातलं संत्रं खाल्लं की तिचा चेहरा कसा होतो ते तुम्ही पाहिलं असेल तर सांगायला नको. "याला संत्रं म्हणतात हे लोक!" हे त्या दर शनिवारी मला मराठीत सांगायच्या आणि आर्थरला इंग्रजीत म्हणायच्या, "लव्हली, आर्थर, लव्हली." कान म्हणजे गाडीची मूठ, हा खरा अर्थ त्याला कधीच सांगितला नाही. "कावून सांगू? संत्रं बंद होईल ना!" हळूहळू आजूबाजूचेही 'पील' ओरडू लागले. का, कशासाठी, कुणाला ठाऊक नव्हतं. चौथ्या वळणावर तसंच ओरडतात, एवढं त्यांना पुरे होतं.

आणि मी? मी गप्प. हात घट्ट बांधून, आतल्या आत उकळत. काकू वैतागायच्या. "अगं, ओरड की! तोंड काय घरी ठेवून आलीस? पुण्याचे तुम्ही, टाळीसुद्धा रेशनवर वाजवता!"

त्यांचा लाडका होता आमच्या टीमचा कॅप्टन. चाळिशीला टेकलेला, तरी काकूंसाठी पोट्टाच. तो मिसरूड फुटायच्या वयात गळपट्टीचं हाड मोडून काकूंच्या कॅज्युअल्टीत आला होता आणि हाताला झोळी बांधू देईना, कारण शनिवारी मीटिंग! काकू इतक्या भडकल्या की हा मुलगा एवढं काय दिवे लावतो ते बघायला आणि भर मैदानात त्याला झापायला शनिवारी स्वतः स्टेडियमवर गेल्या. "ओरडायला गेले," त्या सांगायच्या, "आणि ओरडतच राहिले."

एका दसऱ्याला तर त्यांनी कहर केला. दसऱ्याला वाहनांची पूजा करायची, आणि ज्यांना ब्रेक नाहीत त्यांची तर आधी! काकू झेंडूच्या माळा आणि पूजेचं ताट घेऊन थेट गाड्या उभ्या असतात तिथे पोचल्या. ताटात पेटतं निरांजन. आणि या गाड्या चालतात मेथनॉलवर! लाल जॅकेटवाला अधिकारी जो काय धावत आला, बाई गं! काकूंनी फू करून ज्योत विझवली, त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "हॅपी दसरा." कॅप्टनने मात्र माळ हँडलला बांधू दिली. त्या दिवशी पहिल्या रेसपासून शेवटपर्यंत चौथ्या वळणावर झेंडूच्या पाकळ्या उडत होत्या.

मग बातमी आली. स्टेडियमची जागा गोदामांसाठी विकली गेली. हा शेवटचा सीझन.

त्याच सुमारास काकूंचं हृदयही कुरकुर करायला लागलं. मुलगा एडिनबराहून फोनवर मागे लागायचा. तो इथेच जन्मलेला, मराठी त्याची आपली तशीच. "आई, तू स्लो डाऊन कर. माझा घरी ये. तो बाइकचा नाद सोड." काकू म्हणायच्या, "शेवटची मीटिंग बघू दे. मग ने कुठे न्यायचं ते." फोन ठेवून माझ्याकडे वळायच्या. "दुसरं काही नको गं मला. पोट्ट्याची शेवटची रेस चौथ्या वळणावरून बघायची आहे. बस."

शेवटच्या मीटिंगचा शनिवार उजाडला आणि आभाळ फाटलं. तरी आम्ही गेलो. ओल्या मातीवर या गाड्या धावत नाहीत, हे काकूंना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी त्या प्लास्टिकचा रेनकोट चढवून, गोधडी पिशवीत गुंडाळून बसल्या. आर्थरने संत्रं खिशातून काढलं नाही. शेवटी कर्ण्यावरून सांगितलं, आजची मीटिंग रद्द, पुढच्या शनिवारी घेऊ. लोक उठले. काकू उठेनात. कॅप्टन स्वतः पायऱ्या चढून वर आला, चिंब भिजलेला.

"नेक्स्ट वीक, डॉक्टर?"

"तू ये म्हणजे झालं," काकू चक्क मराठीत म्हणाल्या, आणि त्याला कळलं.

तो पुढचा शनिवार काकूंना मिळाला नाही. बुधवारी पहाटे झोपेतच गेल्या. मला इतका राग आला, सांगते! त्या पावसाचा, त्या गोदामवाल्यांचा, हृदयाचा, सगळ्यांचा. अजून तीन दिवस थांबली असती ही बाई तर कुणाचं काय बिघडत होतं?

मुलगा आला, सगळं केलं. शनिवारी दुपारी माझ्या दारात उभा राहिला. हातात ती गोधडी. "मी कधीच आला नाही तिच्यासोबत," तो म्हणाला. "आज तू जाणार? मी येऊ?"

स्टेडियम ओसंडून वाहत होतं. आम्ही चौथ्या वळणावर गोधडी टाकली, तिच्यावर कुणी बसलं नाही. आर्थरने टोपी काढली. मीटिंग तर अशी रंगली की विचारू नका. पुढे मागे, पुढे मागे, आणि सगळं येऊन थांबलं शेवटच्या रेसवर. ती कॅप्टनने जिंकली तरच मीटिंग आमची. पट्ट्या वर गेल्या. आमचा कॅप्टन सुटताना चुकला. पहिल्या वळणावर शेवटचा! दुसरी फेरी, तरीही शेवटचा. एवढं खच्चून भरलेलं स्टेडियम, पण चौथं वळण गप्प. सगळे त्या गोधडीकडे बघत होते. कुणीतरी सुरू करायला हवं होतं, आणि सुरू करणारी बाई नव्हती.

माझं मला कळलं नाही मी कधी उभी राहिले. "पीळ!" माझा आवाज चिरकला. "पीळ रे! पीळ त्याचा कान!"

आर्थर ताडकन उठला. "पील!" आणि मग सगळं वळण, सगळी बाजू, "पील! पील!" शेजारी काकूंचा मुलगा रडत होता आणि ओरडत होता, "काय पील? आई काय म्हणायचा?" मी त्याच्या कानाशी ओरडले, "थ्रॉटल! मूठ पीळ!" कॅप्टन कुंपणाला खेटून बाहेरून निघाला, एकाला टाकलं, दुसऱ्याला टाकलं, शेवटच्या वळणावर माती उडाली ती थेट आमच्या तोंडावर, आणि अर्ध्या चाकाने, फक्त अर्ध्या चाकाने पहिला नंबर हुकून, तो दुसरा आला.

मीटिंग हरलो. पण काय पिळली त्याने! कॅप्टन आमच्यासमोर थांबला, हेल्मेट काढून त्या रिकाम्या जागेकडे बघून त्याने मान लववली. आर्थरने खिशातून संत्रं काढलं, सावकाश सोललं, अर्धं काकूंच्या मुलाच्या हातात ठेवलं. मुलाने एक फोड तोंडात टाकली आणि त्याचा चेहरा असा काही झाला की मला हसू आवरेना. "लव्हली," तो आर्थरला म्हणाला.

परत येताना तो माझ्या शेजारी, डावीकडच्या सीटवर बसला. मांडीवर गोधडी, केसांत लाल माती. गावात शिरताना पहिल्याच सिग्नलला थांबलो. लालच्या जोडीला पिवळा लागला, आणि हँडब्रेकपाशी त्याची उजवी मूठ अलगद वर आली. तो समोर बघत होता, त्याचं त्याला कळलंही नसावं.

"सोड," मी म्हटलं, आणि गाडी काढली.